बंड्या पुण्याला येणार नाही

प्रिय चिऊ,

आपल्या कुत्र्यासाठी, बंड्यासाठी, तू पाठवलेला स्वेटर परवा आला. आकाशी रंगाचा, वर कॉलर पण. त्याच्या अंगात घातला तर गडी जागचा हलेचना, पाय आखडून नुसता उभा, आणि आई हसून हसून बेजार. मग शेडमागच्या बोरीला घासून घासून त्याने तो काढलाच, आता त्याच्या बारदानावर अंथरलाय, तिथे मात्र आवडलाय त्याला, पैसे अगदीच वाया नाही गेले.

थंडी म्हणशील तर आहेच. रोज सकाळी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा तापमानाचा आकडा ग्रुपवर येतो, कधी सहा अंश कधी सात, आणि निफाडकरांना त्याचं पण कौतुक. पण द्राक्षबागेत मण्यात पाणी उतरायची वेळ आहे, पारा असा घसरला की मणी तडकतात आणि फुगवण थांबते, म्हणून पहाटे आम्ही ओळींच्या कडेने शेकोट्या करतो. बंड्याची चैन तिथेच. विस्तव विझला की कोमट राखेत जाऊन गोल होऊन झोपतो, उठतो तेव्हा नाकापासून शेपटीपर्यंत पांढरा, आणि तसाच घरात येऊन अंग झाडतो. परवा मिशा जळल्या एका बाजूच्या. आईचं काय ऐकलंय मी ते लिहित नाही.

मागचा पाय सकाळी धरतो, वय झालं त्याचं. शेजारी म्हणाले माणसाची दुखण्याची गोळी द्या अर्धी, मी डॉक्टरला फोन केला तर ते जवळजवळ ओरडलेच, माणसाच्या पेनकिलरने कुत्र्याचं पोट आणि किडनी जाते म्हणे. त्यांनी दिलेलं औषध चालू आहे, बाकी कोरडी जागा, दुपारचं ऊन आणि बाजरीची भाकरी दुधात कुस्करून.

आता तुझा मुद्दा, हिवाळ्यापुरता त्याला पुण्याला न्यायचा. अगं थंडीची भीती नाहीये मला, भीती बिबट्याची आहे. ऊसतोड सुरू झाली की उसातले बिबटे बाहेर पडतात आणि मळ्यातल्या वस्तीवर कुत्रं हेच त्यांचं सोपं खाणं. त्यात शेतीची लाईट एक आठवडा दिवसाची तर एक आठवडा रात्रीची, रात्री मोटर चालू करायला निघालो की हा पाय ओढत मागे. म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधलाय, आणि अंधार पडला की तो घरात आणि दाराला कडी. हो, मीच म्हणायचो कुत्रं उंबऱ्याच्या आत नको, आईने ऐकवून झालंय, तू नको ऐकवूस. मोटरवर आता आम्ही दोघं-तिघं मिळून जातो, मोठ्याने बोलत, मोबाईलवर गाणी लावून.

पण तुझ्या चौथ्या मजल्यावर तो करणार काय? लिफ्ट माहीत नाही, तू दिवसभर ऑफिसला, जिना चढून तो पाय अजून जाईल. आणि ज्याला मोकळं फिरायची सवय त्याला गॅलरीत बांधून ठेवायचं हे मला पटत नाही, तुला राग आला तरी चालेल.

खरी डोकेदुखी पुढच्या महिन्यात, माल काढायला आला की. द्राक्ष कुत्र्याला विषारी, बेदाणा तर त्याहून वाईट, आणि किती खाल्लं तर चालतं असा काही हिशोब नाही, एखाद्याला काही होत नाही तर एखाद्याच्या थोड्याशा खाण्यानेही किडन्या निकामी होतात, आधी उलट्या मग लघवी बंद. द्राक्षाच्या गावात राहायचं आणि द्राक्षाला तोंड लावायचं नाही, आहे की नाही नशीब! कटाईच्या दिवसात त्याला घराकडेच बांधणार आहे, मजूर लाडाने काही पण चारतात.

संक्रांतीला येशील तेव्हा त्याला अजून काही कपडे नको आणू, एक चांगला चार्जिंगचा टॉर्च आण, लांब उजेड पडेल असा, इथल्या दुकानातला लगेच खराब होतो. आईने डिंकाचे लाडू पाठवलेत, त्यात बेदाणे आहेत भरपूर, तुझ्या मैत्रिणीच्या त्या पांढऱ्या पिल्लाला चुकून पण देऊ नकोस.

तुझे
पप्पा