गाव निवडण्यापूर्वी

खानापूर (जि. बेळगाव)

चि. सुहास यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही उभयतांनी पुणे सोडण्याचे नक्की केले असून कोल्हापूर, धारवाड, म्हैसूर आणि बेळगाव या चार शहरांचा विचार चालू आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. काम घरूनच करायचे असल्यामुळे निसर्ग आणि राहणीमान पाहून निवड करावी, हे तुझे म्हणणे मला पटते. मात्र आंबोलीचा धबधबा किंवा पन्हाळा ही सुट्टीच्या दिवसाची शोभा झाली. कामाच्या दिवशी सकाळी घराबाहेर पडून पायी कुठे जाता येते, ते मी आधी पाहीन.

तसे पाहिले तर म्हैसूर पहिले येते. कुक्करहळ्ळी तलावाभोवतीची गर्द झाडीतली पायवाट आणि चामुंडीच्या हजार पायऱ्या शहरातच आहेत, आणि हवाही सौम्य आहे. पण तिथून आमच्याकडे यायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि मुक्ताच्या कानावर घराबाहेर मराठी पडणार नाही, याचा विचार करा.

कोल्हापुरात भाषेचा प्रश्नच नाही, संध्याकाळी रंकाळाही आहे. तरी २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शहराचा मोठा भाग वेढला होता आणि महामार्गही बंद पडला होता, हे विसरू नका. तिथे घर पाहाल तर पूररेषा आधी विचारा.

धारवाड मला मनापासून आवडते. कर्नाटक विद्यापीठाचा टेकडीवरचा परिसर आणि साधनकेरीचे तळे यांमुळे ते गाव अजून निवांत वाटते, आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गावात आजही चांगले गाणे ऐकायला मिळते. बेंगळुरूला जावे लागले तर २०२३ पासून वंदे भारत गाडी आहे. मोठ्या बाजारहाटासाठी मात्र हुबळी गाठावी लागते.

राहिले बेळगाव. तुम्ही जवळ यावे असे मला वाटतेच, तरी ती इच्छा बाजूला ठेवून लिहिते. सुमारे अडीच हजार फूट उंचीमुळे उन्हाळ्यातही इथली संध्याकाळ सुसह्य असते. व्हॅक्सिन डेपोची झाडी आणि कॅम्पातले जुने वृक्षांचे रस्ते रोजच्या फिरण्याला पुरेसे आहेत, आणि वडगाव-शहापूरच्या शिवारात भात पोटरीला आला की येळ्ळूरच्या राजहंसगडावरून दिसणारी हिरवाई पाहतच राहावी अशी असते. जांबोटीमार्गे कणकुंबीला मलप्रभेचा उगम आणि पुढे चोर्ला घाट, हा सारा प्रवास सकाळी निघून दुपारपर्यंत आटोपतो. मुक्तासाठी मराठी शाळा आहेत, आणि भाजीवालीपासून शेजाऱ्यांपर्यंत मराठी, कन्नड, कोकणी सहज कानावर पडतात. कन्नड मात्र तुम्ही शिकलीच पाहिजे. सरकारी कामे त्याच भाषेत चालतात आणि शेजारधर्मालाही ती हवी. धारवाड किंवा म्हैसूर निवडलेत, तरी हे चुकणार नाही.

उणिवाही लिहिते. जुलैत आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते; ज्याला सतत उजेड हवा त्याला ते जड जाते, आणि सौ. अनघाला दम्याचा त्रास असल्यामुळे हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बळ्ळारी नाल्याचे पाणी दरवर्षी आसपासच्या शिवारात पसरते, म्हणून त्या बाजूच्या नव्या वसाहतींत स्वस्त जागा मिळाली तरी घेऊ नका. पाऊस धारवाडात बराच कमी असतो. अनघाला दमट हवा सोसत नसेल, तर मी बेळगावाचा आग्रह धरणार नाही. बसने तासा-दोन तासांत आम्हाला तिथे येता येईल.

घर विकत घेण्याची घाई करू नका. जुलैत बेळगावात आणि मेमध्ये धारवाडात भाड्याने राहून पाहा, आणि अनघाच्या डॉक्टरांचा सल्ला आधी घ्या. टिळकवाडीत ओळखीच्यांकडे वरचा मजला रिकामा आहे. तुमचा होकार आला की बाबा जाऊन ओल येते का ते पाहून येतील.

तुझी आई