वहिनी, मागे तोंड करून बसल्याबद्दल थँक्यू

वहिनी,

हे पत्र खरं तर दादाला लिहायला पाहिजे होतं, बोट त्याची, पेट्रोल त्याचं, वेकबोर्डसुद्धा (बोटीमागे रोप धरून पाण्यावर उभं राहायची फळी) त्याच्याच गॅरेजमधला, आणि त्याला मी थँक्यू म्हटलंय पण, चार वेळा म्हटलंय, चारही वेळा त्याने 'चल रे, कसलं थँक्यू' म्हणून विषय उडवलाय. तुम्हाला मात्र कुणीच काही म्हटलं नाही. फोटोत बघा, सगळ्या फोटोंत मी आहे, पाणी आहे, दादाची पाठ आहे, तुम्ही एकाही फोटोत नाही कारण फोटो तुम्हीच काढत होता, तेही मी पडलेला नसेन तेव्हाच. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. ओशाळू नका, वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगतो. आम्ही न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला राहतो, जानेवारीच्या सुट्टीत चार दिवस बेनमोर लेकवर कॅम्पिंगला गेलो होतो, सेलर्स कटिंगला. दादाने गेल्या वर्षी एक जुनी छोटी जेटबोट घेतली, साडेचार मीटरची अॅल्युमिनियमची, आत कुठल्यातरी जुन्या गाडीचं व्ही६ इंजिन आणि मागे हॅमिल्टनचं जेट. जेटबोट म्हणजे पंखा बाहेर नसतो, बोटीच्या पोटातून पाणी आत ओढायचं आणि मागच्या नॉझलमधून जोरात फेकायचं, त्यामुळे वीतभर पाण्यातसुद्धा चालते. तेकापोहून ट्वायझलकडे जाताना आयरिशमन क्रीक लागतो, तिथे दादा दर वेळी गाडी स्लो करतो आणि बिल हॅमिल्टनची कथा सांगतो, की या शेतकऱ्याला इथल्या दगडगोट्यांच्या उथळ नद्यांमधून उलट्या प्रवाहात जायचं होतं, प्रोपेलर टिकायचा नाही, म्हणून १९५४च्या सुमाराला त्याने हे जेट बसवलं. मग १९७७ला एडमंड हिलरी असल्याच तीन बोटी घेऊन गंगासागरपासून गंगेत उलटा वर वर गेला, ते. यंदा तुम्ही मागच्या सीटवरून म्हणालात, 'हिलरीच्या बोटीत डबे कुणी भरून दिले होते ते पण सांग एकदा.' तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की या ट्रिपचं खरं इंजिन कुठे बसलंय.

तुम्ही बोटीत आलात त्या फक्त नियमापायी. इथे कुणालाही बोटीमागे ओढायचं तर ड्रायव्हर सोडून आणखी एक माणूस बोटीत लागतो, किमान दहा वर्षांचा, ज्याचं काम फक्त मागच्या माणसाकडे बघणं. आमच्या पिहूचं वय आठ, म्हणून तुम्ही. 'कोरम पुरा करायला येते' म्हणालात, वर हूडी, त्यावर लाइफजॅकेट, हातात थर्मास, आणि बोटीच्या नाकाकडे पाठ करून बसलात ते चार दिवस तशाच बसलात. तुम्हाला पोहता येत नाही हे मला तिसऱ्या दिवशी कळलं!

सुरुवात चहापासून. मी कॅम्पवर चहा ओतत होतो आणि मागून कुणीतरी दाणकन ढकललं, अर्धा चहा गवतावर, मी वळून बघतो तर तुम्ही शांतपणे म्हणताय, 'उजवा पाय. भावजी, तुमचा उजवा पाय पुढे आला, बोर्डवर पण तोच पुढे ठेवा.' दादा तोपर्यंत तासभर मला डावा पाय पुढे लावायला शिकवत होता कारण त्याचा स्वतःचा डावा पुढे असतो. बाइंडिंग, म्हणजे फळीवरचे पाय अडकवायचे बूट, फिरवून परत बसवायला अर्धा तास गेला. तो अर्धा तास वाचवला नाहीत तुम्ही, पण पुढचे दोन दिवस नक्की वाचवले.

पहिला दिवस मी विसरायला तयार आहे, पण तुम्ही मोजलेत म्हणून आकडा लिहितो, अकरा. अकरा वेळा रोप ताणला गेला आणि अकरा वेळा मी पालथा. लोकांना वाटतं पाणी मऊ असतं. पंचवीसच्या स्पीडला पुढची कड पाण्यात रुतली की तोंडावर फाडकन चपराक बसते आणि नाकातून पाणी थेट मेंदूत गेल्यासारखं वाटतं. मी लहानपणी विहिरीत पोहायला शिकलो, पाठीला डबा बांधून, काकांनी वरून ढकललं होतं, त्यामुळे पाण्याची भीती अशी नव्हती, पण विहीर तुम्हाला ओढत नाही ना! इथे दोन्ही पाय एका फळीला बांधलेले, हात एका दांडीला, आणि दांडी एका व्ही६ला. दादा ओरडत होता 'उठ! उठ!', व्हिडिओतली माणसं सांगत होती तोफगोळ्यासारखं व्हा, आणि मी बिचारा प्रत्येक वेळी हँडल छातीशी ओढून ताकदीनं उभा राहायला बघत होतो. रात्री मनगटापासून कोपरापर्यंत हात असे भरून आले होते की चमचा धरवेना. तुम्ही वरणभात कालवून वाटीत दिलात आणि काही बोलला नाहीत, त्याचे वेगळे आभार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारं सुटायच्या आधी, लेक आरशासारखा. मी पाण्यात पाठीवर, गुडघे पोटाशी, बोर्ड आडवा, आणि दादाने थ्रॉटलला हात लावायच्या आत तुम्ही त्याचा हात धरलात. आणि मला म्हणालात, 'भावजी, उकिडवे बसा. परसात भांडी घासायला बसतो ना तसं. आणि उठूच नका. मी सांगेपर्यंत उठायचं नाही.'

उकिडवे! अहो एवढाच शब्द हवा होता. जगातल्या सगळ्या कोचिंग व्हिडिओंपेक्षा तो एक शब्द माझ्या गुडघ्यांना जास्त कळला. मी उकिडवा बसलो, हात सरळ ठेवले, काहीच केलं नाही, बोटीने ओढलं, बोर्डाखाली पाणी घट्ट व्हायला लागलं, अगदी जमीन आल्यासारखं, आणि मी पाण्यावर उकिडवा बसून चाललोय, वेड्यासारखा, भांडी घासायला बसलेला माणूस तासाला पंचवीस किलोमीटरने. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, तर तुम्ही मागच्या सीटवरून आधी दोन्ही हात समोर सरळ ताणून दाखवलेत (कोपर वाकवू नका), मग तळवा हळूहळू वर, अजून हळू, अजून हळू, लहान पोरांना कवायतीत उभं करतात तसा. डे-केअरमध्ये दिवसभर तेच करता म्हणा. मी त्या तळव्याबरोबर उठलो. पायाखाली फळी वळली, उजवा पाय बोटीकडे, हँडल कमरेपाशी, आणि सहा सेकंद, तुमच्या हिशोबाने सहा, माझ्या हिशोबाने एक अख्खा उन्हाळा.

मग पडलो. पण आता पाठीवर पडलो, सुधारणा होती.

संध्याकाळी तुम्ही दादाला जे झापलंत ते पण मी तंबूतून ऐकलं. त्याची चूक ही होती की जेट कमी आरपीएमला फारसं ओढत नाही आणि मग एकदम पकडतं, तर तो आधी भीत भीत द्यायचा आणि मग एकदम कचकन, आणि तो कच् माझ्या खांद्यात यायचा. हे त्याला इंजिनाच्या आवाजावरून कळत नव्हतं, तुम्हाला माझ्या चेहऱ्यावरून कळत होतं. 'तू पुढे बघतोस, तुला काय कळणार, त्याचं तोंड वाकडं होतं त्याच्या आधी सोड ना जरा' हे वाक्य मी लिहून ठेवलंय. पुढच्या दिवसापासून त्याने हळूच एकसारखं वाढवत न्यायला सुरुवात केली आणि माझे खांदे जाग्यावर राहिले.

आता ज्यांच्याकडे अशी छोटी जेटबोट आहे आणि वेकबोर्डिंग सुरू करायचंय त्यांनी दोन गोष्टी ऐका, या पण वहिनींच्याच आहेत. एक म्हणजे हलक्या बोटीची लाट छोटी असते, दादाला ते खुपत होतं, म्हणून तो पाण्याने भरलेल्या चार थैल्या बोटीत टाकायला निघाला की बोट बसेल आणि लाट मोठी होईल. होते खरी, पण साडेचार मीटरची बोट, वर आम्ही, मागची कड पाण्यापासून केवढीशी वर राहिली ते वहिनींनी वीत लावून मोजलं आणि दोन थैल्या उतरवायला लावल्या. शिकणाऱ्याला छोटीच लाट बरी हो, मला तर ती छोटी लाट ओलांडायला दोन दिवस लागले. दुसरं म्हणजे असली बोट सपाट तळाची, मागच्याने बाजूला जोर लावला की बोटीची शेपूट त्याच्याकडे सरकते. आणि थ्रॉटल पूर्ण सोडला की स्टिअरिंगच जातं, पाणी फेकलं तर वळणार ना. म्हणजे माणूस पडला की घाबरून थ्रॉटल सोडून त्याच्याकडे वळायला जाऊ नका, बोट सरळच जाईल. थोडा चालू ठेवूनच वळा.

आणि रोप. रोपचं सांगितलं नाही तर हे पत्र खोटं होईल.

तिसऱ्या दिवशी दुपारी चूक माझीच. पडलो, बोट फिरून आली, आणि मी शहाणपणाने हँडल बोटीकडे भिरकावलं, उगाच, रोप सगळा ढिला होऊन मागच्या बाजूला वेटोळं घालून पडला. जेटबोटला पंखा बाहेर नाही म्हणून सगळे म्हणतात सेफ, पायबिय कापायची भीती नाही, ते खरंय, पण हिला खरं न्यूट्रल पण नसतं, इंजिन चालू आहे तोवर आतला इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारा पंखा, फिरतोय, मागची बादली (नॉझलसमोर पडणारं झाकण) अर्धी पाडून नुसता तोल साधलेला असतो. पोट पाणी पीतच असतं. मी बघत होतो दादाकडे, दादा माझ्याकडे, आणि तुम्ही एकट्या रोपकडे. 'रोप! बंद कर!' ओरडलात, दादाने किल्ली फिरवेपर्यंत तीन-चार मीटर गेलाच आत. तुम्ही ओरडला नसतात तर उरलेला गेला असता, आणि त्या उरलेल्याच्या मधोमध मी तरंगत होतो, एक वेटोळं माझ्या दंडावरून गेलेलं. हे मी घरी फोनवर आईला सांगितलेलं नाही. आई, वाचत असशील तर सॉरी.

मग तो नॉर'वेस्टर, इथला वायव्येचा जोरदार वारा, सुटला, नेमका तेव्हाच, आणि आम्ही तिघं वाहत वाहत त्या वाळक्या डोंगराच्या काठाला. दादा आतलं झाकण उघडून कोपरापर्यंत हात घालून ब्रेड कापायच्या सुरीने शाफ्टवरचा रोप इंच इंच कापतोय, शिव्या इंग्लिशमध्ये, मोजमाप मराठीत, आणि तुम्ही मला चहा ओतून देताय. थंडीने माझे दात वाजत होते. 'पाण्यात असताना रोप हातातच ठेवायचा किंवा ताणलेला, भिरकवायचा नाही,' एवढंच म्हणालात, परत कधी तो विषय काढला नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर वर्षभर काढला असता.

शेवटच्या दिवशी मी लाट ओलांडली, दोन्हीकडे, तीसच्या स्पीडला, आणि डोक्यावर हात थोपटून परत चला म्हणून खूण केली, तर तुम्ही मान हलवून अंगठा वर केलात की अजून एक राउंड. मी मनात म्हटलं बाई ऐकत नाही. पण त्या राउंडलाच सगळ्यात मजा आली, सूर्य खाली, पाणी काचेसारखं, आणि सूर्यास्तानंतर ओढायला बंदी म्हणून तुम्ही घड्याळ बघत बघत ती शेवटची मिनिटं मला मोजून दिलीत.

हे पत्र आत्ता लिहायचं कारण सांगतो. परवाच्या शनिवारी ऑफिसातला एक जण दादाबरोबर गेला, तुमची ड्यूटी होती, म्हणून मागे तोंड करून मी बसलो. वहिनी, पाच मिनिटांत मान दुखली. उन्हाने डोळे चुरचुरत होते, उलटं बसून पोटात ढवळत होतं, आणि एकदा बाजूने मोठी बोट गेली तर मी तिच्याकडे बघितलं, दोन सेकंद, परत वळलो तर मागे नुसतं पाणी. पडला होता. काही झालं नाही, हात वर करून ओके दाखवला त्याने. पण ते दोन सेकंद माझ्या पोटात अजून आहेत. तुम्ही चार दिवस, रोज दोन-तीन तास, एकदासुद्धा मान वळवली नाहीत. त्या लेकचा निळा रंग, डोंगर, कशाकशाकडे पाठ करून माझं ते वाकडं तोंड बघत बसलात. घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, वहिनींनी बेनमोर बघितला तरी का गं?

तर थँक्यू. मनापासून.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे वेटसूट आणि बोर्ड भांड्याच्या लिक्विडने धुऊन, पूर्ण वाळवून ठेवलेत, डिडिमो (ते चिकट घुसखोर शेवाळ) एका लेकातून दुसऱ्यात न्यायचा नाही, पाठ झालंय. नवीन रोप घेतलाय, केशरी, तरंगणारा, पैसे देऊ नका, कापला माझ्यामुळेच गेला. थर्मासचं झाकण माझ्या डिकीत सापडलं, रविवारी आणून देतो. आणि पुढच्या वेळी पहिली चक्कर कुणालाही न ओढता मारायची असं दादाशी बोललोय, तुम्ही पुढच्या सीटवर, तोंड पुढे करून.

तुमचा,
अकरा वेळा पालथा पडलेला भावजी