‘लिटरली’ला झोडपण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जे खरोखर घडलेलंच नाही त्यालाही ‘लिटरली’ हा इंग्रजी शब्द लावतात, म्हणून तुमच्या रविवारच्या पुरवणीतल्या लेखात तरुण पोरांना चांगलंच फैलावर घेतलंय. माझी नात परवा तीन जिने चढून आली, दप्तर सोफ्यावर भिरकावलं आणि म्हणाली, “आजोबा, मी लिटरली मेले!” पुढच्याच मिनिटाला ही मेलेली पोरगी फ्रीज उघडून ताक पीत होती. तेव्हा लेखकाचा वैताग मला कळतो. पण हा आजच्या पिढीचा प्रताप नाही.

लॅटिनमध्ये ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर. त्यावरून ‘लिटरली’ म्हणजे अक्षराला अक्षर धरून. नुसता जोर देण्यासाठी हा शब्द फ्रान्सिस ब्रूक या लेखिकेच्या १७६९च्या कादंबरीतही आला आहे. अमेरिकेतल्या वेबस्टर कोशाने अशा वापराची नोंद १९०९ सालीच केली. ऑक्सफर्डनेही तो अर्थ कोशात घेतल्याचं २०१३मध्ये लोकांच्या लक्षात आलं आणि एकच गदारोळ उडाला! ‘व्हेरी’ तरी कुठून आला? लॅटिनमधल्या ‘खरा’ या अर्थाच्या शब्दावरून. आज तोही नुसता जोर देतो. त्याबद्दल कोणी हूं की चूं करत नाही.

आणि आपल्या घरचं काय? ‘अक्षरशः’ हा ‘लिटरली’चा सख्खा भाऊच. मी छत्तीस वर्षं मुद्रितशोधन केलं. कायद्याचं पुस्तक आलं की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, काना, मात्रा, स्वल्पविरामासकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर पेन्सिल टेकवत ताडायचं. अक्षरशः म्हणजे ते. एरवी आपण उन्हात अक्षरशः भाजून निघतो, लग्नात पैसा अक्षरशः पाण्यासारखा ओततो. गंमत म्हणजे ‘शब्दशः’ मात्र जागचा हलला नाही. भाषांतर शब्दशः असतं, ऊन शब्दशः भाजत नाही.

माझी तक्रार असलीच तर बातम्यांबद्दल आहे. ‘स्फोटाने इमारत अक्षरशः हादरली’ असं छापलं, तर भिंती हादरल्या की आतली माणसं घाबरली, हे वाचकाने कसं ओळखायचं? नातीच्या ‘मेले’ने कुणाची फसगत होत नाही, इथे होते.

बाकी, ज्या अंकात तो लेख होता त्याच अंकात पान ३ वर ‘सदस्यांनी सभागृह अक्षरशः डोक्यावर घेतले’ अशी ओळ आहे. सभागृहाचं वजन किती भरलं, ते बातमीत नाही.

एक निवृत्त मुद्रितशोधक, पुणे