बाबा, गड्ड्याच्या जत्रेनंतर नको

पुणे, १४ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्या मणक्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की बाबा "हं, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात, म्हणून शेवटी लिहायला बसले. आई, हे पत्र तू मोठ्याने वाचून दाखव. बाबा मधेच उठून गेले तर परत येऊन बसू देत, मग पुढचं वाच.

बाबा, वसुबारसेच्या संध्याकाळी तुम्ही आकाशकंदिलाची दोरी बांधत होता. दोन वेळा गाठ सुटली. तिसऱ्यांदा तुम्ही दोरी आईच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "चष्म्याचा नंबर वाढला वाटतं." मी शेजारीच उभी होते. लहानपणी डबा घेऊन कारखान्यात यायचे तेव्हा मागावरची सुताची तार तुटल्यावर तुम्हाला गाठ मारताना मी कितीदा पाहिलंय. चालू मागांच्या खडखडाटात, तोंडाने माझ्याशी बोलत, बोटांकडे न बघता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवरून फिरायची आणि गाठ बसलेली असायची. त्या गाठीला तुम्हाला डोळे कधी लागलेच नव्हते, मग चष्म्याचा संबंध कुठे आला? मला तिथेच धस्स झालं.

जेवणं झाल्यावर मी तुम्हाला दहा सेकंदांत जमेल तितक्या वेळा मूठ मिटायला-उघडायला लावली. चांगला हात वीस वेळा तरी करतो. तुमच्या उजव्या हाताच्या ११ झाल्या, डाव्याच्या १३. नंतर भांडी घासताना आईने सांगितलं की वर्षभर तुमच्या शर्टाची वरची बटणं तीच लावते. सकाळी तोंडावर पाणी मारताना तुम्ही एका हाताने भिंत धरता आणि लाइट गेली की जागचे हलत नाही. आई, तू हे मला वर्षभर सांगितलं नाहीस याचं मला फार वाईट वाटलं. पण तुलाही "वय झालं आता" हेच ऐकवलं गेलं होतं.

हे वय नव्हे. आपलं पाऊल कुठे पडतंय ही खबर पायाकडून मेंदूला जाते ती मानेतल्या मज्जारज्जूतून. ती वाट दबली की माणूस डोळ्यांच्या आधाराने चालायला लागतो. डोळे मिटले, अंधार झाला, की तोल जातो. बोटांचं बारीक काम जातं तेही त्याच वाटेने. सगळे म्हणतात "मानेची नस दबलीय". नस दबली असती तर एका हातात कळ गेली असती, मुंग्या आल्या असत्या. इथे नस नाही, करंगळीएवढी जाड मुख्य केबलच दबलीय. वर्षभर तुम्हाला ताकदीची इंजेक्शनं मिळाली, मानेला पट्टा मिळाला, वजन लावून झालं. त्या वर्षात एकदाही कोणी तुमची बोटं तपासली नाहीत, तुम्हाला चार पावलं चालायला लावलं नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुमच्या एमआरआयची चित्रं मला मिळाली त्या दिवशी माझी दुपारची पाळी होती. शेवटचा पेशंट गेल्यावर मी ती आमच्या स्क्रीनवर लावली. मी डॉक्टर नाही, रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही. पण बारा वर्षं रोज पंधरा-वीस माणसांना त्या बोगद्यात घालते, त्यामुळे नजर बसलीय. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं. मज्जारज्जू म्हणजे एक करडा दोरा, आणि त्याच्या दोन्ही अंगांनी पांढऱ्या पाण्याची धार. तुमच्या चित्रात ही धार वरून छान उतरते आणि चौथ्या मणक्याखाली नाहीशी होते. पुढे तीन ठिकाणी पाण्याला वाटच नाही, दोरा पुढून-मागून चेपलेला. पाचव्या-सहाव्या मणक्याच्या मधे त्या करड्या दोऱ्याच्या पोटातच एक पांढुरका डाग. कोपऱ्यात तुमचं नाव होतं. मी रोज अशी नावं वाचते आणि पुढच्या माणसाला आत घेते. त्या रात्री मी खुर्चीतून उठले नाही.

तो डाग म्हणजे मज्जारज्जूला आतून मार बसू लागल्याची खूण. सर्जननी नंतर सीटी स्कॅनही करायला लावला, त्यावर तुम्ही "पुन्हा खर्च" म्हणालात. तो उगाच नव्हता. एमआरआय मऊ भाग दाखवतो, हाड सीटीत नीट दिसतं. आपल्या आशियातल्या माणसांत मणक्यांच्या मागच्या बाजूचा पट्टा कधीकधी कडक होऊन त्याचं हाडच बनतं, जपानमध्ये तर हे बरंच आढळतं. तसं असेल तर ऑपरेशन कुठल्या बाजूने करायचं ते बदलतं. तुमच्यात ते थोडं आहे, म्हणून मागून करायचं ठरतंय.

आता आण्णाकाकांचं बोलते. तुमची सगळी भीती तिथे अडकलीय हे मला माहीत आहे. "मणक्याचं ऑपरेशन केलं आणि आण्णा अंथरुणाला खिळला" हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकतेय. दिवाळीत पत्र्याच्या पेटीतून मी त्यांचे कागद काढले. १९८३ सालचे आहेत. दाखल करतानाच्याच कागदावर लिहिलंय की रुग्णाला आठ महिन्यांपासून चालता येत नाही, लघवीवर ताबा नाही. बाबा, आण्णाकाका ऑपरेशनच्या आधीच बसले होते. तुम्ही तेव्हा पहिल्या पाळीला जात होता, घरात आजी सगळं बघत होती. तुम्हाला हे कोणी सांगितलंच नसेल.

आणि त्यांच्या मणक्यात काय चाललंय ते बघायला तेव्हा होतं काय? पाठीत सुई घालून तेलकट रंग सोडायचे, टेबल तिरकं करून तो रंग मानेकडे नाहीतर कमरेकडे सरकवायचे आणि वरून एक्स-रे काढायचा. रंग जिथे अडला तिथे दाब आहे असं धरायचं. मज्जारज्जू स्वतः दिसायचाच नाही, दिसायची ती त्याची सावली. एमआरआय तेव्हा आपल्या देशात आलाच नव्हता. डोक्याच्या रुग्णांचे हाल तर याहून जास्त. १९१९ साली डॅन्डी नावाच्या अमेरिकन सर्जनने मेंदूभोवतीचं पाणी काढून तिथे हवा भरून एक्स-रे काढायची पद्धत आणली. माणसं डोकेदुखीने आणि उलट्यांनी बेजार व्हायची, तरी पुढची पन्नास वर्षं तीच पद्धत चालली, कारण दुसरं काही नव्हतंच.

ते हाल संपायला सुरुवात झाली १ ऑक्टोबर १९७१ या दिवशी. लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. ते यंत्र करणारे हौन्सफील्ड इंजिनियर होते, ईएमआय कंपनीत नोकरीला. हीच ती एचएमव्हीच्या तबकड्या काढणारी कंपनी, बाबा, कुत्र्याच्या चित्राची. १९७९ साली त्यांना नोबेल मिळालं. एमआरआयची सुरुवात तर मला अजून आवडते. १९७३ साली लॉटरबर यांनी या पद्धतीने पहिलं चित्र काढलं ते पाण्याच्या दोन नळ्यांचं. तुम्ही ज्या यंत्रात पडून होतात ते आजही पाण्याचाच शोध घेतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट ताकदीचा चुंबक, शरीरातल्या पाण्याचे कण त्यात ओळीला लागतात, रेडिओ लहरींनी त्यांना हलवलं की ते परत जागेवर येताना बारीक खूण देतात. त्या खुणांवरून चित्र. एक्स-रेची किरणं नाहीत, पाठीत सुई नाही. आवाज मात्र होतो, पण चाळीस वर्षं मागांमधे काढलेल्या माणसाला त्याचं काही वाटलं नाही, तुम्ही तर आत झोपलात असं तिथल्या मुलाने सांगितलं.

ऑपरेशनचं सांगते. मानेच्या मागून उभा छेद घेतात. मज्जारज्जूवर मणक्यांच्या हाडाची कमान असते. ती पूर्वी काढूनच टाकायचे. आता एका बाजूने पूर्ण कापतात, दुसऱ्या बाजूने अर्धी कोरून बिजागरीसारखी ठेवतात आणि दार उघडावं तशी किलकिली करून बारीक पट्टीने तिथेच पक्की करतात. आतल्या दोऱ्याला जागा मिळते. ही पद्धत जपानी सर्जननी १९७०च्या दशकात बसवली. सगळं सूक्ष्मदर्शकाखाली चालतं. शिवाय तुम्ही भुलीत असताना डोक्याला बारीक विजेचे झटके देत हातापायांच्या स्नायूंपर्यंत संदेश पोहोचतोय का हे एक माणूस सतत बघत असतो. शेवटच्या वर्षांत तुमच्याकडे नवे माग आले होते, तार तुटली की आपोआप थांबणारे, ते आठवा. संदेश कमी झाला की सर्जन हात थांबवतात, कारण शोधतात, मगच पुढे जातात. आण्णाकाकांच्या वेळी इजा झाली की नाही ते शुद्धीवर आल्यावरच कळायचं.

धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. तुमच्याशी मी खोटं बोलणार नाही. जंतुसंसर्ग होऊ शकतो. शंभरात चार-पाच जणांचा एक खांदा ऑपरेशननंतर उचलत नाही, बहुतेकांचा काही महिन्यांत सुधारतो. तुमची साखर थोडी वर आहे, ती आधी आटोक्यात आणावी लागेल. आणि आकाशकंदिलाची गाठ परत येईलच असंही नाही. या ऑपरेशनचं पहिलं काम आहे जे चाललंय ते थांबवणं. २०१३ साली उत्तर अमेरिकेतल्या २७८ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर वर्षभराने त्यांच्या हातापायांची कामं सरासरीने सुधारलेली होती, सौम्य त्रासवाल्यांची आणि तीव्रवाल्यांचीही. पण जितकं आधी तितकं हाताशी राहिलेलं जास्त. मेलेला तंतू कुठलंही यंत्र परत जिवंत करत नाही. मला घाई त्याची आहे.

आई, तू म्हणालीस "माझ्याही कमरेचा एमआरआय एकदा काढूनच टाकू". तुला आत्ता गरज नाही. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्त लोकांची मणक्यांमधली कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली. चित्रात दिसलं म्हणजे तोच आजार असं नसतं. आमच्याकडे नुसता रिपोर्ट वाचून घाबरलेली किती माणसं येतात! तुझं दुखणं खाली बसून चादरींच्या घड्या घालण्याचं आहे, खुर्ची घे आणि व्यायाम कर. पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. बाबांचं वेगळं आहे. त्यांची बोटं, त्यांची चाल आणि त्यांचं चित्र तिन्ही एकच सांगतात.

ऑपरेशन सोलापुरातच करू. पूर्वी यासाठी पुण्या-मुंबईला पळावं लागायचं, आता धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीचे रुग्ण आपल्याकडे येतात. आईला रात्री घरी जाता येईल. महात्मा फुले योजनेत किती बसतं ते मी विचारतेय, वरचं माझ्याकडे आहे. तुम्ही घर बांधताना काढलेलं कर्ज कसं फेडलंत ते मी पाहिलंय, त्यामुळे "पोरीकडून घ्यायचं नाही" हे यावेळी चालणार नाही.

राहिला गड्डा, आपल्या सिद्धेश्वरांची संक्रांतीची जत्रा. "गड्ड्यानंतर बघू" असं तुम्ही म्हणालात. नंदीध्वजांबरोबर बाराबंदी घालून चालायचं तुमचं एकही वर्ष चुकलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण बाबा, त्या गर्दीत मागून एक धक्का लागला आणि मान झटक्यात मागे गेली तर? जागाच न उरलेल्या मज्जारज्जूला तेवढं पुरतं. आमच्याकडे असे लोक येतात, साधे न्हाणीघरात घसरलेले, आणि दोन्ही हात उचलत नाहीत. तुम्हाला त्या गर्दीत मी सोडू शकत नाही. यंदा सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता घरून टाका. सिद्धेश्वरांना मी तुमच्या वतीने नमस्कार करून येते. पुढच्या वर्षी मी सोबत चालेन.

आणखी एक. दाढीला गेलात की सलूनमधे मान कडाकडा मोडून घ्यायची सवय आजपासून बंद. मालीशवाल्याकडेही नाही. आई, यावर तू लक्ष ठेव.

येत्या शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघते. सोमवारी सकाळी सर्जनची वेळ घेतलीय. एमआरआयच्या फिल्म, सीटी आणि साखरेचे रिपोर्ट एका पिशवीत घालून ठेवा. मुठी पुन्हा मोजू, दिवाळीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवायच्यात, सर्जननी विचारलंय. गाडी रात्री दहाच्या सुमाराला पोहोचते. बाबा, स्टेशनवर घ्यायला येऊ नका. साखर पेठेच्या गल्लीत दिवे नसतात, आणि आई म्हणते अंधारात तुम्ही भिंत चाचपत चालता. मी रिक्षाने येईन. पायरीवरचा दिवा तेवढा लावून ठेवा.

तुमची,
सुमी