स्टो शिकवणाऱ्या ताईला जाहीर थँक्यू

ताई,

तुला व्हॉट्सॅपवर थँक्यू टाकलं की तू फक्त एक अंगठा पाठवतेस आणि विषय संपवतेस, म्हणून लिनक्सवरच्या सेटिंगच्या फाइल्स सांभाळणारं स्टो हे टूल शिकवल्याबद्दलचं हे थँक्यू सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय ज्यांच्या होम फोल्डरमध्ये बॅशआरसी-ओल्ड, बॅशआरसी-बॅकअप, बॅशआरसी-फायनल असा सेटिंगच्या फाइल्सचा सगळा गोतावळा पडलाय आणि ज्यांना वाटतं की लिनक्सवर काम करायचं म्हणजे हे असंच असतं, त्यांनीपण वाचावं अशी इच्छा आहे.

सगळ्यात आधी थँक्यू कशाबद्दल, तर तू तुझ्या डॉटफाइल्स, म्हणजे सेटिंगच्या फाइल्स, मला दिल्या नाहीस त्याबद्दल. तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. मी सरळ मागितल्या होत्या, ऑफिसात सगळे तेच करतात, कोणाचातरी भलामोठा विमआरसी, म्हणजे व्हिम एडिटरच्या सेटिंगची फाइल, उचलायचा, आपल्या होममध्ये टाकायचा आणि मग त्यातल्या अर्ध्या ओळी काय करतात ते देवाला माहीत. तू म्हणालीस की माझ्या फाइल्सना माझ्या हाताची सवय आहे, तुझ्या तू गोळा कर, आणि रोज जे लागतं तेवढंच घे. मग खुर्ची ओढून शेजारी बसलीस आणि कीबोर्डला हात लावला नाहीस, सगळं मलाच टाइप करायला लावलंस. हे फार कमी सीनियर करतात गं. बाकीचे 'सरक जरा' म्हणतात, धडाधड पाच कमांड मारतात आणि 'झालं बघ' म्हणून निघून जातात, आणि आपण तिथेच.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युनिक्स-लिनक्समध्ये आपल्या सगळ्या सेटिंग होम फोल्डरमधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या फाइल्समध्ये असतात, डॉट बॅशआरसी, डॉट विमआरसी, डॉट गिटकॉन्फिग, डॉट टीमक्स डॉट कॉन्फ वगैरे, आणि फाइल्सची यादी दाखवणाऱ्या साध्या एलएस कमांडला त्या दिसत नाहीत. का दिसत नाहीत याचा किस्सा तू सांगितलास तो मी आता दहा जणांना ऐकवते. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक डिरेक्टरीत 'डॉट' आणि 'डॉट डॉट' अशा दोन एंट्री आल्या, त्या यादीत दिसू नयेत म्हणून एलएसमध्ये शॉर्टकट मारला गेला, पूर्ण नाव तपासायच्या ऐवजी फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच बघितलं, आणि त्यामुळे टिंबाने सुरू होणारी कुठलीही फाइल आपोआप लपायला लागली. मग लोकांनी आपापल्या प्रोग्रामच्या सेटिंग तिथे लपवायला सुरुवात केली. युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइकने स्वतः 2012 मध्ये हे लिहिलंय, म्हणजे ऐकीव गप्पा नाहीत. एका आळशी 'इफ'मुळे सगळ्या जगाच्या होम फोल्डरमध्ये पन्नास वर्षं कचरा साठतोय.

आता मुद्दा स्टोचा. मला वाटत होतं की तू काहीतरी भारी सिस्टीम दाखवशील, आणि तू दाखवलंस काय तर पर्लमध्ये लिहिलेलं, 1993 सालापासूनचं एक छोटंसं टूल. बॉब ग्लिकस्टाइनने ते डॉटफाइल्ससाठी लिहिलंच नव्हतं. तेव्हा प्रश्न वेगळा होता, यूएसआर लोकल या फोल्डरमध्ये हाताने कंपाइल केलेली सॉफ्टवेअर एकमेकांत मिसळायची आणि काढताना कुठली फाइल कोणाची ते कळायचं नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात डेपो नावाचा प्रोग्राम होता, त्यावरून हे सुचलं. प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या फोल्डरमध्ये ठेवायचं आणि जिथे दिसायला हवं तिथे नुसत्या सिमलिंक, म्हणजे खरी फाइल कुठे आहे ते दाखवणाऱ्या खुणा, टाकायच्या. लोकांच्या नंतर लक्षात आलं की अरे, हेच होम फोल्डरला लावलं तर डॉटफाइल्सचा प्रश्न सुटतो.

आणि सुटतो म्हणजे कसा, तर होममध्ये 'डॉटफाइल्स' नावाचं एक फोल्डर, त्यात बॅश, व्हिम, गिट, टीमक्स अशी प्रत्येक प्रोग्रामची वेगवेगळी फोल्डर, स्टोच्या भाषेत पॅकेज. प्रत्येक पॅकेजच्या आत फाइल तशीच ठेवायची जशी ती होममध्ये असायला हवी. मग डॉटफाइल्समध्ये जाऊन 'स्टो व्हिम' एवढंच म्हणायचं, आणि एक फोल्डर वर, म्हणजे होममध्ये, सिमलिंक तयार. वाड्याच्या दारावर 'जोशी मागच्या गल्लीत राहायला गेले' अशी पाटी असते ना, तशी. प्रोग्राम दारावर येतो, पाटी वाचतो, मागच्या गल्लीत जातो. खरी फाइल डॉटफाइल्समध्येच राहते, आणि ते फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाइल्सचे बदल जपणाऱ्या टूलमध्ये, टाकलं की झालं, इतिहासासकट सगळं एका जागी. नको झालं तर डॅश मोठा डी, लिंक गेल्या, फाइल जागेवर. फाइल्स इकडच्या तिकडे केल्या असतील तर डॅश मोठा आर, जुन्या मेलेल्या लिंक साफ करून परत लावतो. संपलं, एवढंच टूल आहे.

त्याची स्वतःची डेटाबेस नाही हे मला नंतर कळलं आणि तेव्हा तुझं 'डोक्यात मावेल तेच टूल घे' हे वाक्य पटलं. कुठली लिंक आपली आणि कुठली नाही हे तो लिंक कुठे जाते ते बघूनच ठरवतो, स्टेट फाइल नाही, मागे सतत चालणारा डेमन नाही, काही नाही. उद्या स्टो अनइन्स्टॉल केला तरी माझ्या सगळ्या सेटिंग चालूच राहणार कारण सिमलिंक ही सिस्टीमची गोष्ट आहे, स्टोची नाही.

पण खरी किंमत आहे ती तू आधीच सांगून ठेवलेल्या खाचखळग्यांची, जे मॅन्युअलमध्ये असतात पण तिथपर्यंत पोचतं कोण. डॅश एन आणि डॅश व्ही लावून आधी नुसतं बघ, मग खरी कमांड मार, हे तर माझ्या बोटांत बसलंय. नवीन मशीनवर बॅशआरसी आधीच बसलेला असतो, तेव्हा स्टो कटकट करतो, कॉन्फ्लिक्ट म्हणतो आणि सगळंच अबॉर्ट करतो, अर्धवट काही करत नाही. माझ्या टीममधला एक मुलगा यावरच वैतागून स्टो सोडून गेला. मला उलट हेच आवडतं, की हा माझी फाइल गुपचूप उडवत नाही. त्या अडॉप्टवाल्या ऑप्शनबद्दल तर तू डोळे मोठे करून सांगितलं होतंस! तो होममधली फाइल उचलून पॅकेजमध्ये आणतो, म्हणजे तुझी रेपोमधली (गिटच्या फोल्डरमधली) कॉपी जाते आणि मशीनवरची येते. नाव ऐकून कोणाला वाटेल की माझी फाइल तिथे बसेल, होतं बरोबर उलटं. आधी कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंद, मग अडॉप्ट, मग गिट डिफ बघून जे नको ते परत फिरवायचं, या क्रमाने केलं तर ते झकास काम करतं.

आणि फोल्डिंग. हे तू शिकवलं नसतंस तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. होममध्ये एखादं फोल्डर मुळातच नसेल तर स्टो आतल्या एकेका फाइलची लिंक करत बसत नाही, अख्ख्या फोल्डरचीच एक लिंक टाकतो, कमी लिंक म्हणजे सुटसुटीत असा त्याचा हिशोब. नंतर दुसऱ्या पॅकेजला तेच फोल्डर लागलं तर लिंक काढून खरं फोल्डर बनवतो आणि आत वेगवेगळ्या लिंक लावतो, हुशार आहे. पण आता एसएसएचचं बघा, म्हणजे दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या प्रोग्रामचं. कोऱ्या सर्व्हरवर डॉट एसएसएच फोल्डर नाहीये, तुम्ही एसएसएचची कॉन्फिग लावायला 'स्टो एसएसएच' म्हणालात, तर आख्खं डॉट एसएसएच म्हणजे तुमच्या गिट रेपोच्या आतल्या फोल्डरकडे जाणारी लिंक झाली. त्यानंतर लॉगिनच्या किल्ल्या बनवणारं एसएसएच-कीजेन चालवलं की नवी कोरी प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली, सरळ रेपोमध्ये जाऊन बसते, आणि 'गिट ॲड डॉट' मारून पुश केलं की गेली जगासमोर. कुठे एरर नाही, वॉर्निंग नाही, सगळं हिरवंगार. उपाय दोन ओळींचा, फोल्डर आधी हाताने बनवायचं आणि परमिशन सातशे, म्हणजे फक्त आपल्यालाच उघडता येईल अशी, करायची, किंवा नो-फोल्डिंग ऑप्शन लावायचा. हे एवढं जरी कोणी या पत्रातून उचललं तरी खूप.

गिटने काय वगळायचं ते सांगणारी डॉट गिटइग्नोर फाइल स्टो स्वतःहूनच वगळतो कारण त्याच्या ठरलेल्या इग्नोर यादीत ती आहे, रीडमी पण आहे, हे माहीत नसलं की माणूस तासभर लिंक शोधत बसतो. आणि 'सेड डॅश आय', म्हणजे फाइलमधला मजकूर जागेवर बदलणारी कमांड. लिंकवर सेड डॅश आय चालवलं की तो लिंकच्या जागी खरीखुरी नवी फाइल ठेवतो आणि रेपोमधली तशीच जुनी राहते, फॉलो-सिमलिंक्सवाला ऑप्शन द्यावा लागतो. काही एडिटरसुद्धा सेव्ह करताना असंच करतात. म्हणून अधूनमधून स्टो परत चालवून बघते, कुठे लिंक तुटून फाइल झाली असेल तर तो लगेच कॉन्फ्लिक्ट म्हणून ओरडतो.

ऑफिसचा आणि घरचा ईमेल वेगळा ठेवायचा प्रश्न होता, त्याला स्टो लागलाच नाही, गिटमध्येच 2017 पासून 'इन्क्लूड-इफ' आहे, कुठल्या फोल्डरमधला रेपो आहे त्यावरून कॉन्फिग बदलते. इथे पण तू तेच म्हणालीस, एका टूलकडून सगळी कामं करून घ्यायची नाहीत.

मी माझ्या मनाने एक पॅकेज वाढवलं त्याचा मात्र मला अभिमान आहे, तुझ्याकडे ते नाही! फॉन्टचं. डॉट कॉन्फिगच्या आत फॉन्टकॉन्फिगची फाइल असते, त्यात मराठीसाठी कुठला फॉन्ट आधी घ्यायचा ते सांगता येतं, मी एक टाइपचा मुक्ता पुढे ठेवलाय आणि त्याच्या मागे लोहित. एफसी-मॅच कमांडला भाषा एमआर म्हणून दिली की सिस्टीम मराठीला नक्की कुठला फॉन्ट उचलतेय ते लगेच कळतं. आता कुठल्याही मशीनवर गेले की 'स्टो फॉन्ट' आणि मराठी मला हवी तशी दिसते, अट एवढीच की फॉन्ट तिथे इन्स्टॉल केलेले हवेत. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं विस्कटतात ती विस्कटतातच, तो टर्मिनलचा आजार आहे.

मधल्या काळात लोकांनी खूप समजावलं की डॉटफाइल्ससाठीचं शेम्वा हे दुसरं टूल वापर, त्यात टेम्प्लेट आहेत, पासवर्ड मॅनेजरमधून सिक्रेट ओढता येतात, किंवा याडम, किंवा कुठलंच टूल नको, नुसता गिटचा बेअर रेपो. शेम्वा मी लावून बघितलं आणि ते चांगलं आहे, ज्याच्याकडे मॅक, लिनक्स आणि चार प्रकारचे सर्व्हर आहेत त्याने तेच घ्यावं. माझ्याकडे दोन लिनक्सचे लॅपटॉप आणि एक छोटा सर्व्हर. टेम्प्लेटची भाषा शिकून मग स्वतःचाच बॅशआरसी वाचायला अडखळायचं, हे मला नको. मी परत आले.

नोकरी बदलली, नवीन लॅपटॉप हातात आला, तेव्हा तुझी आठवण झाली आणि हे लिहायला घेतलं. गिट आणि स्टो इन्स्टॉल केले, रेपो क्लोन केला, फोल्डर बनवले, स्टो चालवला, आणि चहा यायच्या आधी माझे सगळे शॉर्टकट, माझा प्रॉम्प्ट, माझा टीमक्स जागेवर. शेजारचा नवीन मुलगा बघत होता, त्याने लगेच विचारलं की तुमच्या फाइल्स मिळतील का. नाही म्हटलं. खुर्ची ओढून घेतली.

एक विचारायचं होतं. 2024 मध्ये स्टोचं 2.4.0 आलं, त्यात तो डॉटफाइल्सवाला ऑप्शन, ज्यात फाइलला टिंबाऐवजी 'डॉट डॅश' असं नाव द्यायचं आणि लिंक करताना तो त्याचं टिंब करतो, तो आता फोल्डरलासुद्धा नीट चालतो, आधी फोल्डर आलं की गडबडायचा. म्हणजे रेपोमधल्या फाइल्स आता उघड दिसतील, एलएस मारलं की समोर. तू बदललंस का तसं? मी अजून केलेलं नाही, सगळ्या फाइल्सची नावं बदलायचा कंटाळा आलाय, पण तू केलं असशील तर मीपण या शनिवारी बसते. आणि प्लीज यावेळी अंगठा नको, दोन ओळी तरी लिही.

तुझी,
कीबोर्डला हात न लावता शिकवलेली ज्युनियर