आठवडाभर नाही, तीन महिने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत, मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू असताना दारूचं काय करायचं यावर लेख होता. विषय घेतलात ते बरं केलंत, कारण घरात यावर कोणी बोलत नाही आणि डॉक्टरांसमोर सगळेच "कधीतरी, सोशली" एवढंच सांगून मोकळे होतात. पण त्यात एक वाक्य होतं की पुरुषांनी वीर्यतपासणीच्या आधी आठवडाभर दारू बंद ठेवली की रिपोर्ट व्यवस्थित येतो. मी गेली पंधरा वर्षं लॅबमध्ये हीच तपासणी करतेय, त्यामुळे ते वाचून गप्प बसवेना.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात, त्यानंतर ते पुढच्या नळीत जाऊन पक्के व्हायला अजून दोनेक आठवडे. म्हणजे आज डबीत जो नमुना येतो त्याचं काम जवळपास तीन महिन्यांपूर्वीच सुरू झालेलं असतं, आणि त्या तीन महिन्यांत माणूस काय प्यायला, किती जागला, किती सिगरेटी ओढल्या ते सगळं त्यात आलंच. शेवटचे सात दिवस शहाण्यासारखं वागून हिशोब कसा बदलणार? मला वाटतं लेखात दोन गोष्टींची सरमिसळ झालीये. तपासणीच्या आधी २ ते ७ दिवस संबंध नकोत असं आम्ही सांगतो, तो नियम वेगळा, त्याचा दारूशी काही संबंध नाही. तशी ही गडबड आमच्याकडे येणाऱ्यांचीही होते म्हणा, मी फॉर्म भरताना विचारते "शेवटचं कधी झालं?" आणि समोरून उत्तर येतं "शनिवारी, तीन पेग". हसू दाबत परत विचारावं लागतं.

आता दारू नेमकं करते काय, तर पुरुषाच्या वृषणात ज्या पेशी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनवतात त्यांनाच ती त्रास देते, वर मेंदूतून त्यांना जे हार्मोनचे निरोप येतात तेही मंदावतात, आणि वर्षानुवर्षं पिऊन लिव्हर बिघडलं असेल तर अंगातलं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, नीट निकालात निघत नाही, ते साचतं. मग शुक्राणूंचा काउंट म्हणजे संख्या कमी, हालचाल कमी, आकार बिघडलेले, आणि कधीकधी मुळात इच्छाच राहत नाही किंवा ऐनवेळी जमत नाही, जे कोणी फॉर्मवर लिहीत नाही. डेन्मार्कमध्ये १८ ते २८ वयाच्या १,२२१ तरुणांचा अभ्यास २०१४ मध्ये आला होता, त्यात आठवड्याला पाचपेक्षा जास्त ड्रिंक घेणाऱ्यांतही वीर्याचा दर्जा थोडा घसरलेला दिसला आणि २५ च्या वर गेलेल्यांत तर जास्तच. अशा अभ्यासातून दारूच कारण आहे असं सिद्ध होत नाही हे खरंय, पिणाऱ्यांच्या बाकीच्याही सवयी असतात, पण दुर्लक्ष करण्यासारखंही ते नाही.

आणि "थोडीच घेतो" म्हणजे किती हा तर वेगळाच घोळ. "मी दारू घेत नाही, फक्त बिअर" असं सांगणारे रोज भेटतात. ८ टक्केवाल्या स्ट्राँग बिअरच्या ५०० मिलीच्या कॅनमध्ये ४० मिली अल्कोहोल असतं, ३० मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये १२ च्या आसपास. म्हणजे एक कॅन तीन पेगांच्या वरच गेला की नाही.

बायकांबद्दल लेखात बरंच होतं (फोटोही हातात वाइनचा ग्लास घेतलेल्या बाईचाच, नवरा कुठेच नाही), पण ते वाचून ज्या बाईने कधीतरी एखादा ग्लास घेतलाय तिला वाटेल की माझ्यामुळेच राहत नाहीये. तसं नाहीये हो. खूप प्यायल्याने ओव्हुलेशन (दर महिन्याला बीज बाहेर पडणं) आणि पाळी बिघडते हे खरं, पण २०१६ मध्ये डेन्मार्कच्याच ६,१२० बायकांवरचा अभ्यास छापून आला त्यात आठवड्याला १४ पेक्षा कमी ड्रिंक घेणाऱ्यांमध्ये दिवस राहण्याच्या शक्यतेत ठळक फरक दिसला नाही. १४ आणि त्याहून जास्त घेणाऱ्यांत ती थोडी कमी दिसली, अर्थात तेवढं पिणाऱ्या त्यात फार नव्हत्या.

मग बाईने का थांबायचं, तर त्याचं कारण दुसरंच आहे आणि लेखात नेमकं तेच राहून गेलंय. पाळी चुकली, टेस्ट केली, दोन रेघा आल्या, तोपर्यंत गर्भ रुजून आठवडा तरी झालेला असतो, आणि ज्यातून बाळाचा मेंदू आणि मणका होतो ती नळी गर्भधारणेपासून चारेक आठवड्यांतच बंद होते. प्रयत्न चालू असताना कुठल्या महिन्यात राहील ते आधी कळत नाही, म्हणून ब्रिटन सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ पासून सरळ सांगितलंय की प्लॅनिंग करत असाल तेव्हापासूनच अजिबात न घेणं सगळ्यात सेफ. फोलिक अ‍ॅसिडची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळीही याच कारणासाठी आधीपासून देतात, आणि जास्त दारूमुळे फोलेट, म्हणजे हेच जीवनसत्त्व, अंगी लागत नाही ते वेगळंच.

अजून एक, जो माणूस रोज भरपूर पितो त्याने पेपर वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. हात थरथरणं, घाम, फिट येणं असं होऊ शकतं आणि ते जिवावरही बेतू शकतं, त्याने डॉक्टरांना सांगून हळूहळू सोडावी.

मध्यंतरी एकाचा काउंट ९० लाख आला होता, आमच्या रिपोर्टवर खालची मर्यादा मिलीला १ कोटी ६० लाख छापलेली असते. तीन महिन्यांनी परत आला तेव्हा २ कोटीच्या वर होता. दारू सोडल्यानेच वाढला असं मी छातीठोकपणे नाही सांगणार, त्याने सिगरेटही सोडली होती आणि काउंट तसाही दर वेळी खालीवर होतो. पण त्याची पहिली तपासणी झाली तोवर त्याच्या बायकोची फाइल दीड वर्षाची झाली होती, सोनोग्राफ्या, रक्ताच्या तपासण्या, इंजेक्शनं सगळं त्यात, आणि तेवढ्या काळात त्याला कोणी विचारलंच नव्हतं की तू किती घेतोस.

तेवढी आठवड्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, त्याच पानावर, ही विनंती.

आपली वाचक,
एक लॅब टेक्निशियन
(नाव छापू नये)