बालरोग वॉर्डमधल्या सिस्टरांना, मनापासून

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. पण सांगलीतल्या त्या वॉर्डमध्ये रात्रपाळीला होतात, एवढ्यावरून ओळखालच.

आठ महिन्यांचं बाळ तापानं फणफणलेलं, दोनदा झटके आलेले, टाळू फुगलेली. मेंदूज्वराची शंका आहे, पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले आणि सासूबाईंनी सहीच अडवली. "पाठीत सुई घातली की पोरगं पांगळं होतंय." आमच्याकडे घरोघरी हीच समजूत, त्यांना तरी काय बोलणार!

तुम्ही त्यांच्या शेजारी बाकावर बसलात. अँटिबायोटिक सुरू केलंय, त्यासाठी थांबलेलो नाही, हे आधी सांगितलंत. मग स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दोन्ही बाजूंच्या हाडांमधली रेघ दाखवलीत. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. नवजात बाळाचा तिसऱ्यापर्यंत असू शकतो, म्हणून लहानग्यांना सुई आणखी खाली, चौथ्या-पाचव्याच्या मधे घालतात. तिथे नुसत्या नसा पाण्यात सुट्या असतात, सुई आली की सहसा बाजूला सरतात. बोलता बोलता मामंजींच्या हर्नियाचं ऑपरेशन मिरजेला झाल्याचं निघालं, तेव्हा तुम्ही विचारलंत, "कमरेखाली भूल दिली होती ना? ती इथूनच देतात. तिथं औषध आत जातं, इथं थेंब बाहेर येतात." सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि ह्यांना म्हणाल्या, "कर सही."

बाळाला कुशीवर घेऊन तुम्ही धरलंत, ते मी दारातून पाहिलं. एक हात गुडघ्यांमागे, एक खांद्यांमागे, पाठीची कमान केलेली, पण मान दाबलेली नाही. नजर सतत छातीवर, श्वास नीट चाललाय ना म्हणून. पाणी सिरिंजनं ओढत नाहीत, आपोआप बाटलीत ठिबकतं, हे मला तेव्हा कळलं. मोठ्या माणसात हे पाणी सुमारे १५० मिली असतं आणि शरीर दिवसाला जवळपास ५०० मिली नवं तयार करतं, तेव्हा काढलेलं लगेच भरून येतं, हेही तुम्हीच सांगितलंत.

नंतर दिवसभर सपाट झोपवून ठेवायचं का, असं मी विचारलं. "घ्या की मांडीवर, दूध पाजा," म्हणालात. माझ्या मामेभावाला या तपासणीनंतर उठून बसलं की डोकं ठणकायचं, आडवं झालं की थांबायचं. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपल्यानं तसं होतं, बहुतेकांचं काही दिवसांत थांबतं, नाही थांबलं तर रुग्णाचंच थोडं रक्त तिथे सोडून छिद्र बंद करतात आणि तान्ह्यांत हा त्रास क्वचितच दिसतो, हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

त्याच वेळी रक्तातली साखर का तपासली, तेही सांगितलंत. जिवाणूंचा मेंदूज्वर असेल तर पाण्यातली साखर रक्ताच्या मानानं बरीच उतरते. आमच्या बाळाची उतरली नव्हती. कल्चरमध्येही, म्हणजे त्या पाण्यात जिवाणू वाढतात का या तपासणीतही, काही वाढलं नाही. विषाणूचा निघाला, अँटिबायोटिक थांबवलं आणि बाळ घरी आलं.

आता झटके नाहीत, धरून उभं राहतं. सासूबाई शेजारणींना कमरेवरची ती रेघ दाखवून सगळं समजावून सांगतात. तुमचे उपकार आहेत आमच्यावर, सिस्टर.

तुमची,
बाळाची आई, तासगाव